गाठीत गेलाय का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की दोन-तीन दिवसांत नातेवाईक सर्जनला गाठतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सगळं निघालं ना?' दुसरा जरा खालच्या आवाजात येतो, 'गाठीत गेलाय का?' पहिल्याचं उत्तर सर्जन देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींकडून यायचं असतं आणि त्याला काही दिवस लागतात. माझी नोकरीची बहुतेक वर्षं या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहिण्यात गेली. रोगी पाच वर्षांनी आपल्यात असेल की नाही, याचा अंदाज बांधताना या उत्तराइतकी उपयोगी गोष्ट क्वचितच सापडते. हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला, आणि मधे बरेच वादही झाले. तो इतिहास आज सांगणार आहे.

आधी एक घोटाळा मिटवू. मराठीत कर्करोगाच्या गोळ्यालाही आपण गाठ म्हणतो आणि काखेत, जांघेत, मानेत असतात त्या लसिकाग्रंथींनाही गाठच म्हणतो. मी पुढे या दुसऱ्या प्रकारच्या गाठीला नुसतं 'ग्रंथी' म्हणेन. ग्रंथी आपल्या आज्यांना चांगल्या ठाऊक होत्या. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हाताला गळू झालं की काखेत येतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मानेवर ओळीनं उठणाऱ्या गंडमाळाही त्यातल्याच. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी, म्हणजे लसिका, बारीक नळ्यांतून परत रक्ताकडे जातं. वाटेत ते या ग्रंथींतून गाळलं जातं. जंतू तिथे अडकतात, आणि मूळ जागेवरून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशीही तिथेच अडकतात.

फुप्फुसाच्या ग्रंथींचे ढोबळ तीन मुक्काम धरा. काही फुप्फुसाच्या आतच श्वासनलिकेच्या फांद्यांच्या बेचक्यांत असतात. काही फुप्फुसाच्या देठाशी, जिथे नळी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे. उरलेल्या दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, मुख्य श्वासनळीला लगटून. शहरात राहणाऱ्या किंवा चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाच्या या ग्रंथी चिरून पाहिल्या तर कोळशासारख्या काळ्या असतात. काजळी तिथे साठते. नव्या विद्यार्थ्याला तो काळा रंग पाहून धडकी भरते, पण काळा रंग म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग बहुधा पांढुरका, करडा दिसतो आणि खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या ल द्रान या सर्जननं असं मांडलं, की कर्करोग आधी एका जागी असतो आणि मग लसिकेच्या वाटेनं ग्रंथींत जातो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या फिर्खो यांनी ग्रंथीला गाळणीची, जवळजवळ पहारेकऱ्याची भूमिका दिली. याच विचारावर अमेरिकेत हाल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथींसकट सगळं एकसंध काढायची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. रोग पहाऱ्यावर अडला आहे, तेव्हा पहाऱ्यासकट कापून काढा म्हणजे सुटलो, असा तो सरळ हिशेब होता. या हिशेबाचं पुढे काय झालं ते बघू.

फुप्फुसाच्या बाबतीत मात्र हा हिशेब मांडायची वेळच यायची होती, कारण एक तर रोग दुर्मीळ होता. अमेरिकेतले पुढे मोठे सर्जन झालेले ऑल्टन ऑक्सनर सांगत, की १९१९ साली विद्यार्थी असताना त्यांच्या प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला एका शवविच्छेदनाला मुद्दाम बोलावलं. रोग फुप्फुसाचा कर्करोग होता आणि असा दुसरा रोगी तुम्हांला आयुष्यात दिसेलच असं नाही, असं बजावलं. ऑक्सनर यांना दुसरा रोगी दिसायला १७ वर्षं लागली. मग १९३६ साली सहा महिन्यांत नऊ दिसले, सगळे सिगारेट ओढणारे.

दुसरी अडचण अशी, की छाती उघडली की फुप्फुस फुग्यासारखं मिटतं. लंडनमध्ये मॉरिस्टन डेव्हिस यांनी १९१२ साली क्ष-किरणांवर दिसलेल्या कर्करोगासाठी फुप्फुसाचा एक खंड काढला होता, रक्तवाहिन्या एकेक करून बांधून, अगदी आजच्यासारखा. रोगी आठव्या दिवशी छातीत पू होऊन गेला. हात तयार होता, पण प्रतिजैविकं यायची होती आणि भूल देण्याची नीट रीतही.

तारीख लक्षात ठेवावी अशी आहे ती ५ एप्रिल १९३३. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये एव्हर्ट्स ग्रॅहम एका रोग्याच्या डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढायला उभे राहिले. रोगी स्वतः डॉक्टर, पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स गिल्मोर, वय ४८. शस्त्रक्रियेआधी ते घरी जाऊन आले होते. त्या मुक्कामात त्यांनी दातांचं राहिलेलं काम करून घेतलं आणि दफनभूमीत जागाही विकत घेतली. माणसाची आशा आणि भीती एकाच आठवड्यात कशी नांदतात, याचं इतकं नेटकं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

छाती उघडल्यावर दिसलं, की रोग नळीच्या अशा जागी आहे, की एक खंड काढून भागणार नाही. अख्खं फुप्फुस काढावं लागेल. कर्करोगासाठी एका बैठकीत अख्खं फुप्फुस काढून रोगी जगल्याचं तोवर उदाहरण नव्हतं. गिल्मोर यांचे एक डॉक्टर स्नेही शस्त्रक्रिया पाहायला उभे होते. ग्रॅहम यांनी त्यांच्याशी दोन शब्द बोलून निर्णय घेतला. देठाला रबरी नळीचा फास देऊन ते सगळं एकत्र बांधलं आणि फुप्फुस कापून बाहेर काढलं. उरलेल्या देठात रेडॉनच्या बारीक कुप्या खोवल्या, आणि पोकळी भरून यावी म्हणून बरगड्यांचे तुकडे काढून छातीची भिंत आत बसवली. गिल्मोर अनेक आठवडे रुग्णालयात होते. पण ते घरी गेले, पुन्हा बाळंतपणं करू लागले आणि १९६३ सालापर्यंत जगले. ग्रॅहम त्यांच्या आधी गेले, १९५७ साली, फुप्फुसाच्याच कर्करोगानं. स्वतः सिगारेट ओढणाऱ्या ग्रॅहम यांना सुरुवातीला सिगारेटचा संबंध पटत नव्हता. सिगारेटचा खप वाढला तसा बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांचाही वाढलाच आहे, असं ते म्हणत. पण त्यांचाच विद्यार्थी विंडर याच्याबरोबर १९५० साली त्यांनी ६८४ रोग्यांचा अभ्यास छापला आणि संबंध मान्य केला. सिगारेट सोडली, पण उशिरा. रोग कळला तेव्हा तो दोन्ही फुप्फुसांत होता आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला होता.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं १९३३च्या शस्त्रक्रियेत एक गोष्ट महत्त्वाची आहे. देठ एकत्र बांधल्यामुळे दोन फुप्फुसांमधल्या ग्रंथी शोधून काढायचा प्रश्नच आला नाही. तरी गिल्मोर तीस वर्षं जगले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभर शेकडो फुप्फुसं काढली गेली, हात सफाईदार झाले, देठातल्या वाहिन्या वेगवेगळ्या बांधू लागले, पेनिसिलिन आलं. तरीही टेबलावरून सुखरूप उतरलेले बरेच रोगी दोन वर्षांत परत येऊन मरत होते. गोळा तेवढाच, सर्जन तोच, मग एक तीस वर्षं जगतो आणि दुसरा तीस महिनेही नाही, हे का?

उत्तर शोधणाऱ्यांत जॉन बोरी या न्यूझीलंडच्या सर्जनचं नाव मी आदरानं घेतो. इंग्लंडमध्ये काम करताना त्यांनी काढलेली दोनशे फुप्फुसं घेऊन त्यांतली ग्रंथी न् ग्रंथी सोडवली, कुठे रोग आहे ते नोंदवलं आणि १९५२ साली छापलं. हे काम किती किचकट आहे ते करणाऱ्यालाच कळतं. चरबी, नळ्या, वाहिन्या यांच्यातून पावट्याच्या दाण्याएवढ्या काळ्या ग्रंथी वेगळ्या काढायच्या, तासन्‌तास. बोरींना दिसलं, की फुप्फुसाचे खंड वेगळे असले तरी त्यांची लसिका खंडांच्या मधल्या एका ठरावीक जागी येऊन मिळते, पावसाचं पाणी जसं अंगणाच्या सखल कोपऱ्यात जमतं तसं. म्हणजे रोग वरच्या खंडात असो की खालच्या, तो आधी त्या सखल जागेकडे निघतो. त्याला वाटा आहेत, आणि या वाटांचा नकाशा होऊ शकतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काहान यांनी याच सुमारास हाल्स्टेडचा जुना हिशेब फुप्फुसाला लावला. १९५१ साली त्यांनी अख्ख्या फुप्फुसाबरोबर दोन फुप्फुसांमधल्या ग्रंथीही एकत्रित काढायची रीत मांडली, आणि १९६० साली तीच एका खंडापुरती. शस्त्रक्रिया मोठी होत गेली. पण ग्रंथी काढल्यामुळे माणूस जास्त जगतो, की ग्रंथी साफ निघाल्या तो माणूस मुळातच जास्त जगणारा होता? हा प्रश्न काहानच्या शस्त्रक्रियेनं सुटला नाही. त्याला पुढे पन्नास वर्षं लागली.

त्याआधी स्वीडनमध्ये एक साधी वाटणारी गोष्ट घडली. स्टॉकहोमच्या एरिक कार्लेन्स यांनी १९५९ साली दाखवलं, की गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लहानसा छेद घेऊन श्वासनळीच्या पुढून एक नळी खाली सारली तर दोन फुप्फुसांमधल्या ग्रंथी दिसतात आणि त्यांचा तुकडा घेता येतो. म्हणजे छाती उघडायच्या आधीच त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळू लागलं. टोरंटोच्या पिअर्सन यांनी ही तपासणी उत्तर अमेरिकेत रुजवली. त्यांच्या नोंदींतून दिसलं, की मधल्या ग्रंथींत रोग असल्याचं या नळीनं आधीच कळलं, त्या रोग्यांचं शस्त्रक्रियेनंतरही फारसं बरं होत नाही. नळीतून साफ दिसलं पण छाती उघडल्यावर थोडा रोग सापडला, त्यांचं त्या मानानं बरं होतं. थोडक्यात, ग्रंथींत रोग आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. किती ग्रंथींत आणि किती भरभरून, हेही पाहावं लागतं. ज्यांना छाती उघडून काही मिळणार नव्हतं अशा किती जणांची ती यातना कार्लेन्सच्या त्या छेदानं वाचवली असेल!

आता नकाशाकडे येऊ. फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४०च्या दशकात कर्करोगाचे टप्पे लिहायची तीन अक्षरांची रीत सुरू केली : टी म्हणजे मूळ गोळा, एन म्हणजे ग्रंथी, एम म्हणजे दूरवर पसरलेला रोग. अमेरिकेत ह्यूस्टनच्या क्लिफ्टन माउंटन यांनी १९७०च्या दशकात ती फुप्फुसाला नीट बसवली. एन-शून्य म्हणजे ग्रंथी साफ. एन-एक म्हणजे रोग फुप्फुसातल्या किंवा देठाच्या ग्रंथींत. एन-दोन म्हणजे त्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींत, किंवा श्वासनळी दुभंगते तिथल्या बेचक्यात. एन-तीन म्हणजे पलीकडच्या बाजूला किंवा मानेच्या मुळाशी. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले त्सुगुओ नारुके यांनी १९७८ साली या ग्रंथींच्या ठिकाणांना क्रमांक दिलेला नकाशा छापला. रेल्वेच्या स्थानकांसारखे हे आकडे. चार नंबर, सात नंबर, दहा नंबर असं म्हटलं की जगातल्या कुठल्याही सर्जनला जागा कळावी.

व्हायला पाहिजे होतं तसं. पण अमेरिकेनं पुढे स्वतःचा नकाशा काढला आणि दोन्हींच्या हद्दी जुळेनात. मुख्य नळीच्या खालच्या कडेला असलेली एखादी ग्रंथी नारुकेंच्या नकाशात दहा नंबरची, म्हणजे एन-एक, आणि अमेरिकी नकाशात सात नंबरची, म्हणजे एन-दोन. तीच ग्रंथी, तोच रोगी. टोकियोत तो दुसऱ्या टप्प्यात आणि ह्यूस्टनमध्ये तिसऱ्या टप्प्यात. मग जपानचे आकडे आणि अमेरिकेचे आकडे शेजारी ठेवून कुणाची शस्त्रक्रिया सरस हे ठरवायचं कसं? हा तंटा २००९ साली मिटला. त्या वर्षी फुप्फुस कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोन्हींचा मेळ घालून एकच नकाशा ठरवला.

त्या संघटनेनं मग जगभरच्या रोग्यांच्या नोंदी एकत्र केल्या. २०१५ साली छापलेले आकडे असे. ज्यांचं फुप्फुस काढून ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, अशा तीस हजारांहून अधिक रोग्यांत ग्रंथी साफ असतील तर पाच वर्षांनी १००तले ७५ जिवंत होते. एन-एक असेल तर ४९. एन-दोन असेल तर ३६. एन-तीन असेल तर २०. आणि शस्त्रक्रियेआधी, केवळ तपासण्यांवरून ठरवलेला एन धरला तर हेच आकडे ६०, ३७, २३ आणि ९ असे उतरतात. कारण तपासणीत साफ दिसलेल्या काहींच्या ग्रंथींत रोग लपलेला असतो. शिवाय दुसऱ्या यादीत शस्त्रक्रियेपर्यंत न पोचलेले रोगीही आहेत. हे आकडे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जास्त आढळणाऱ्या प्रकारांचे आहेत. लहान पेशींचा म्हणून जो एक आक्रमक प्रकार आहे, त्याचा हिशेब निराळा.

आकडे सांगितले की मला नेहमी एक सावधगिरीची गोष्टही सांगाविशी वाटते. अमेरिकेत येल विद्यापीठाचे फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे १९५३ ते १९६४ मधले रोगी आणि १९७७ मधले रोगी ताडून पाहिले. प्रत्येक टप्प्यात १९७७चे रोगी जास्त जगलेले. वाटावं, उपचार सुधारले. पण टप्प्याऐवजी नुसत्या लक्षणांवरून गट पाडले, तर फरक नाहीसा झाला. झालं होतं असं, की नव्या स्कॅनमुळे लपलेला रोग दिसू लागला आणि पूर्वी पहिल्या टप्प्यात मोजले जाणारे रोगी पुढच्या टप्प्यांत गेले. शाळेत अ तुकडीतला सर्वांत कच्चा मुलगा ब तुकडीत घातला, आणि तो ब मधल्या बहुतेकांपेक्षा हुशार असला, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही मुलाचा एकही मार्क वाढलेला नसतो! ग्रंथी जितक्या कसून तपासाव्यात तितके सगळ्या टप्प्यांचे आकडे असे आपोआप गोंडस होतात. म्हणून एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांपेक्षा चांगले दिसले, की मी आधी विचारतो, ग्रंथी किती तपासल्या?

आता काहान यांच्या वेळेपासूनचा प्रश्न. अमेरिका आणि कॅनडात १९९९ ते २००४ या काळात हजारावर रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०११ साली आला. रोग लवकरच्या टप्प्यातला, ठरावीक ठिकाणच्या ग्रंथींचे नमुने शस्त्रक्रियेदरम्यान तपासून साफ निघालेले. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्यांच्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढल्या, अर्ध्यांच्या तशाच ठेवल्या. जगण्यात फरक पडला नाही. याआधी २००२ साली चीनमधल्या एका चाचणीत मात्र सगळ्या ग्रंथी काढण्याचा फायदा दिसला होता, त्यामुळे वाद अजून पुरता विझलेला नाही. माझं मत विचाराल तर फिर्खोंचा पहारेकरी थोडा खोटा ठरला. रोग प्रत्येक चौकीवर थांबत थांबत जात नाही. एन-दोनच्या सुमारे चौथाई रोग्यांत देठाच्या ग्रंथी साफ असतात आणि रोग थेट मधल्या ग्रंथींत सापडतो, पहिलं स्थानक न घेता. ग्रंथीतला रोग बऱ्याचदा एवढंच सांगतो, की पेशी घराबाहेर पडल्या आहेत आणि रक्तातूनही कुठेतरी गेल्या असतील. ती कापून टाकल्यानं निरोप रद्द होत नाही. पण निरोप वाचलाच नाही, तर पुढचं सगळंच चुकतं.

ते कसं, हे एन-दोनच्या रोग्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसलं. १९९४ साली बार्सिलोना आणि ह्यूस्टन इथून दोन छोट्या चाचण्या आल्या, प्रत्येकी साठ रोग्यांच्या. शस्त्रक्रियेआधी औषधं दिली तर जास्त जगतात, असं दोन्हींत निघालं. २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात एन-दोनच्या सगळ्या रोग्यांना औषधं आणि किरणं एकत्र दिली होती, आणि अर्ध्यांवर त्यापुढे शस्त्रक्रिया केली होती. एकूण जगण्यात फरक नाही. पण आत डोकावलं तर ज्यांचं अख्खं फुप्फुस काढलं त्या ५४ पैकी १४ जण दगावले, आणि ज्यांचा एकच खंड काढला त्या ९८ पैकी एक. ग्रॅहम यांनी ज्या शस्त्रक्रियेनं दार उघडलं, तीच इथे सर्वांत घातक ठरली होती. किरणांचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांना किरणं द्यावीत असा एक काळ प्रघात होता. १९९८ साली नऊ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा कळलं, की ग्रंथी साफ असलेल्यांना त्यांनी अपायच केला होता.

शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिन गटातली औषधं दिल्यानं पाच वर्षांनी शंभरात चार-पाच माणसं जास्त वाचतात, हे २००४ नंतर ठरलं. हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. त्या चार-पाचांच्या घरी तो लहान नसतो. पुढे ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेल्या रोग्यांसाठी ओसिमर्टिनिब ही गोळी आली. दुसऱ्या टप्प्यापासून तिसऱ्याच्या पहिल्या भागापर्यंतच्या रोग्यांत शस्त्रक्रियेनंतर ती घेणारे पाच वर्षांनी शंभरात ८५ जिवंत होते, न घेणारे ७३. हा निकाल २०२३ सालचा. आणि शस्त्रक्रियेआधी प्रतिकारशक्ती जागवणारं निव्होलुमॅब औषधांच्या जोडीला दिलं, तर जवळजवळ चौथाई रोग्यांत काढलेल्या फुप्फुसात आणि ग्रंथींत कर्करोगाची एकही जिवंत पेशी उरत नाही. हे २०२२ साली दिसलं. माझ्या उमेदीच्या काळात अशी काचपट्टी कुणी दाखवली असती, तर मी म्हटलं असतं, नमुना बदललाय बहुतेक.

हे उपचार कुणाला द्यायचे, हे ठरवताना ग्रंथींचा अहवाल लागतो. म्हणून आता आमच्या टेबलाकडे या. शस्त्रक्रियागृहातून फॉर्मलिनच्या बाटल्या येतात. प्रत्येकीवर ठिकाणाचा क्रमांक हवा. बऱ्याचदा एकाच बाटलीत सगळ्या ग्रंथी एकत्र येतात आणि चिठ्ठीवर नुसतं 'ग्रंथी' लिहिलेलं असतं. मग त्यांतली रोगट ग्रंथी एन-एकची की एन-दोनची, हे आम्ही कुठल्या पंचांगात पाहायचं? आणि दोष एकट्या सर्जनचा नसतो. अमेरिकेत मेम्फिसच्या परिसरात डॉ. ओसारोजियाग्बोन आणि सहकाऱ्यांनी पॅथॉलॉजी विभागांनी तपासून बाजूला टाकलेली फुप्फुसं पुन्हा चिरून पाहिली. त्यांत न सापडलेल्या ग्रंथी निघाल्या, आणि काहींत कर्करोग निघाला. म्हणजे कागदावर एन-शून्य असलेला माणूस प्रत्यक्षात एन-एक होता, आणि त्याला औषध सुचवलंच गेलं नसणार. त्यांनीच मग क्रमांक छापलेल्या बाटल्यांची पेटी शस्त्रक्रियागृहात द्यायला सुरुवात केली. एवढ्या साध्या उपायानं तपासणी सुधारली. महागड्या यंत्रांच्या जमान्यात मला त्या पेटीचं फार कौतुक वाटतं.

२०२५पासून लागू झालेल्या टप्प्यांच्या नवव्या आवृत्तीत एन-दोनचे दोन भाग केले आहेत. मधल्या ग्रंथींच्या एकाच ठिकाणी रोग असेल तर एक, अनेक ठिकाणी असेल तर दुसरा. पिअर्सनना नळीतून जे जाणवलं होतं, त्याला आता स्वतंत्र नाव मिळालं. पण ठिकाणं मोजायची तर बाटल्या वेगळ्या हव्यात, हे ओघानं आलंच.

आपल्याकडे या सगळ्यात आणखी एक पेच आहे, तो क्षयाचा. पेट स्कॅनमध्ये कर्करोग उजळून दिसतो, तशा क्षयाच्या ग्रंथीही उजळतात. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून, उजळली म्हणजे रोग पसरला असं धरलं, तर आपल्या देशात कित्येक माणसं शस्त्रक्रियेला मुकतील. शिवाय आपल्याकडे मुळातच बहुतेक रोगी उशिरा येतात, शस्त्रक्रियेच्या टप्प्यात थोडेच सापडतात. त्यातलाही एखादा असा गमावणं परवडणारं नाही. जपानमध्ये चिबा इथे यासुफुकू आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी जोडून श्वासनळीच्या आतूनच ग्रंथीत सुई घालायची रीत बसवली. कार्लेन्सचा छेदही आता पुष्कळदा लागत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. सुईतून आलेला थेंब काचपट्टीवर पसरून आम्ही बघतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत असा एक नमुना माझ्याकडे आला होता. उजव्या फुप्फुसात कर्करोग, मधल्या दोन ठिकाणच्या ग्रंथी स्कॅनवर लखलखीत. बाहेरच्या एका डॉक्टरांनी घरच्यांना शस्त्रक्रियेचं नाव काढू नका म्हणून सांगितलेलं. काचपट्टीवर कर्करोगाची पेशी एकही नव्हती, क्षयाचे दाणे होते, अगदी पुस्तकातल्यासारखे. दोन्ही ठिकाणचे नमुने पुन्हा घ्यायला लावले, पुन्हा तेच. मुलगा अहवाल घ्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तुमच्या वडिलांना क्षय आहे. तो पोरगा तिथेच बाकावर बसला आणि हसायला लागला. क्षयाची औषधं सुरू झाली, काही आठवड्यांनी वरचा खंड निघाला. देठाच्या आणि मधल्या मिळून चौदा ग्रंथी आमच्याकडे आल्या, पाच वेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीवर क्रमांक घातलेला. चौदाही मी स्वतः पाहिल्या.